कॅलिबर, २०४८ ची वाट कोण बघणार?

प्रिय कॅलिबर,

शेंद्र्याच्या आमच्या घरालगत पत्र्याची शेड आहे, तिथे सध्या तुझं इंजिन खोललेलं आहे. हेड वेगळं, ब्लॉक वेगळा, टाकी उतरवून ठेवलेली. बघणारे विचारतात, या जुन्या मोटरसायकलवर कशाला खर्च? येझदी असती, आरएक्स १०० असती तर गोष्ट निराळी. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुलाच लिहून देतो, सगळ्यांदेखत.

येझदी म्हैसूरची, बुलेट मद्रासची, आरएक्स उत्तरेकडची. तू आमची आहेस. वाळूजच्या बजाज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली, नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याचं उद्घाटन केलं. जून १९९८ मध्ये तू तिथूनच बाहेर पडलीस आणि बारा महिन्यांत लाखावर खपलीस. या कारखान्यामागोमाग सुटे भाग बनवणारे किती उद्योग इथे उभे राहिले! एन्ड्युरन्स, व्हॅरॉक ही आज देशभर माहीत असलेली नावं याच भागात वाढली. आयटीआय करून गावाकडून आलेल्या पोरांना महिन्याचा पगार मिळू लागला, तो या धंद्यामुळे. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आला तो त्यानंतर, २००१ मध्ये. मराठवाड्याची यंत्रांशी ओळख कशी झाली हे सांगायचं तर तुझ्यासारखी गाडी चालती राहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या दुखण्याचं सांगतो. तू निळा धूर टाकायचीस. फोर स्ट्रोकमध्ये निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते येतं कुठून, हे धूर कधी निघतो त्यावरून ओळखायचं. सकाळी चालू करताच भपकारा येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रेस देताच धूर वाढला, तर रिंगा आणि बोअर झिजलेले. तुझं दुखणं दुसरं. म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे दिलाय, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसेल. त्याला एकच विनंती केली आहे, गॅप फार घट्ट ठेवू नका. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो बिडाच्या स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो. आमच्या मे महिन्याच्या उन्हात जालना रोडवर ट्रकमागे रखडलीस, तर घट्ट पिस्टन तिथेच जाम होईल.

दुसरी काळजी पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तू जन्मलीस तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून पेट्रोलची नळी, कार्बोरेटरची वायसरं, टाकीच्या कॉकचं रबर सगळं नवीन घालतोय. रंगाला मात्र हात लावणार नाही. टाकीवरची कावासाकी बजाजची अक्षरं पुसट झाली आहेत, पण वाचता येतात.

सरकारदरबारी तू अजून फक्त जुनी आहेस. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होते ती ५० वर्षांवरच्या गाडीची. म्हणजे पहिली कॅलिबरसुद्धा २०४८ पर्यंत भंगाराच्या भावातच मोजली जाणार. येझदीवाल्यांची मेळावे भरवणारी मंडळी आहेत, सुटे भाग नव्याने बनवून घेणारी माणसं आहेत. तुझ्यासाठी कुणी नाही आणि मला याचं फार वाईट वाटतं. जी गाडी घराघरात होती, ती कुणीच जपून ठेवली नाही. २०२४ मध्ये एथरचा विजेच्या स्कूटरचा कारखाना बिडकीनला जाहीर झाला. तो यावाच, पोरांना काम मिळेल. त्या पोरांनी तुझा कार्बोरेटरही एकदा हातात घेऊन बघावा, एवढीच इच्छा आहे.

हे पत्र उघडं लिहिण्याचं कारणही सांगून टाकतो. १९९८ मध्ये वाळूजच्या लाइनवर तुझी जोडणी करणारे हात आता निवृत्त झाले आहेत किंवा होत आहेत. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न लिहिलेल्या खुब्या त्यांच्याकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर काका, शेंद्र्याला या. ब्लॉक लेथवरून आला की हेड बसवायचं आहे. टायमिंग चेन चढवताना आणि टॅपेट लावताना तुम्ही शेजारी उभे राहा. पाना तुमच्या हातात देईन.

तुझा,
शेंद्र्याचा एक रहिवासी