मनीची नखं
मांडीवर घुरघुरणारी मनी नेलकटर दिसला की वाघीण होते. मग एकानं धरायचं, दुसऱ्यानं कापायचं आणि तिसऱ्यानं ओरडायचं! घाई माणसांना असते, मनीला नव्हे. तिची १८ नखं एकाच दिवशी कापायला हवीत असं थोडंच आहे? ती पेंगुळलेली असताना पंजा हलकेच दाबावा, नख बाहेर येतं. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. तो सोडून फक्त टोक कापावं. चुकून रक्त आलंच, तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसानं काही मिनिटं दाबून धरावं.

आपल्याला ओरखडा उठला, तर मात्र ‘घरचीच मनी’ म्हणून दुर्लक्ष नको. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवावं. प्रश्न रेबीजचा असतो.

रोज दोनच नखं कापली, तर मनी उद्याही मांडीवर येईल.