फाटकावरचा फळा

मराठीत 'निवृत्ती' हा शब्द मोठा भारदस्त आहे. ज्ञानदेवांच्या वडील बंधूंचे, त्यांच्या गुरूंचेही, ते नाव. त्यामुळे तो उच्चारताच विरक्ती, शांती, समाधान अशा उदात्त कल्पना मनात उभ्या राहतात. व्यवहारात मात्र नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य पहिल्या पंधरवड्यात घरातील घड्याळे दुरुस्त करतो, दुसऱ्या पंधरवड्यात स्वयंपाकघरातील डब्यांच्या जागा बदलतो, आणि तिसऱ्या पंधरवड्यात घरची मंडळीच त्याच्यासाठी एखादा उद्योग शोधू लागतात. संतांना प्रवृत्तीकडून निवृत्तीकडे जाणे साधले. आपल्यासारख्या संसारी माणसाची प्रवृत्ती बहुधा निवृत्तीनंतरच जागी होते.

आमच्या गावी असे एक गृहस्थ आहेत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून त्यांनी आयुष्य काढले. कारखाना बंद पडला. उसाच्या शेतात त्याचे दगडी धुरांडे तेवढे उभे आहे. गावातील मराठी मंडळी त्यांना 'काका' म्हणतात, आणि ज्यांना मराठी येत नाही ती मुले 'टोंटोन' म्हणतात. नाते एकच. निवृत्तीनंतर कसे चालले आहे असे कोणी विचारले तर काका गंभीर चेहऱ्याने सांगतात, "पहिल्या महिन्यात घरात चक्रीवादळाचा पहिला इशारा लागला, दुसऱ्या महिन्यात तिसरा. चौथा लागण्यापूर्वी मी फळा घेऊन फाटकाबाहेर आलो." मॉरिशसमध्ये चौथा इशारा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी १९६० सालच्या 'कॅरल' वादळाच्या कथा अजून सांगितल्या जातात त्यांना समजावून देण्याचे कारण नाही.

तो फळा म्हणजे एका शाळेने टाकून दिलेला जुना काळा फळा. काकांनी तो आपल्या फाटकाला टांगला. फाटक बसच्या थांब्यासमोर असल्यामुळे वाचकांचा तुटवडा नाही. पहाटेची पहिली बस येण्यापूर्वी काका खडू घेऊन त्यावर चार गोष्टी लिहितात: एक विचार, एक माहिती, एक कोडे आणि एक विनोद. वर मराठीत, खाली क्रिओलमध्ये. यांना ते 'चार घास' म्हणतात. "पोट भरत नाही, पण तोंडाला चव येते," असे त्यांचे म्हणणे. कोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते, आणि उत्तर सांगणाऱ्याला एकच अट असते: ते मराठीत सांगितले पाहिजे. व्याकरण चुकले तर चालेल, उच्चार चुकला तरी चालेल. भाषा मात्र दुसरी चालणार नाही.

माहितीच्या बाबतीत काका काट्यावरचेच कारकून आहेत. तोलल्यावाचून एक अक्षर लिहीत नाहीत. पीटर बॉथ डोंगराच्या माथ्यावर तो मनुष्याच्या मस्तकासारखा खडक असल्यामुळे पुष्कळांना तोच या बेटावरचा सर्वांत उंच डोंगर वाटतो. काकांनी एके दिवशी लिहिले: पीटर बॉथ ८२० मीटर, काळ्या नदीकडचे लहानसे शिखर ८२८ मीटर, डोके मोठे असले म्हणजे उंची वाढते असे नाही. मार्क ट्वेन १८९६ साली येथे येऊन गेला. देवाने आधी मॉरिशस घडविले आणि त्याबरहुकूम मग स्वर्ग, असे तो म्हणाल्याचे प्रवाशांना हौसेने सांगितले जाते. काकांनी फळ्यावर त्याची दुरुस्ती केली, की ट्वेनने हे स्वतःचे मत म्हणून नव्हे, तर एका बेटवासीयाचे बोलणे म्हणून नोंदविले आहे. खाली त्यांचा 'विचार' होता: आपली स्तुती आपणच करावी आणि नाव पाहुण्याचे सांगावे, ही युक्ती जुनी आहे. आगगाडीची हकीकतही अशीच. ती १८६४ साली येथे सुरू झाली, १९५६ साली उतारूंसाठी बंद पडली, १९६४ साली मालगाड्याही थांबल्या, आणि २०२० साली लोक मेट्रोने प्रवास करू लागले. काकांनी एवढेच लिहिले: "गाडी चौसष्ट वर्षे उशिराने आली, प्रवाशांनी क्षमा करावी."

त्यांचे विनोद ऐकून लोक हसतात, पण त्यातील काही विनोद घरी गेल्यावर पुन्हा आठवतात. एकदा फळ्यावर होते: "डॉक्टर म्हणाले, साखर सोडा. मी म्हटले, डॉक्टरसाहेब, माझ्या पणजोबांचा करार पाच वर्षांचा होता. तो संपला तरी साखरेने आम्हांला सोडले नाही. आता मी तिला कसा सोडू?" ज्या बेटावर घरोघरी मधुमेह आहे आणि ज्या घरांचा इतिहास उसाच्या शेतात सुरू होतो, तेथे या विनोदाला टीका-टिप्पणीची गरज नाही.

कोड्यांचे प्रकरण याहूनही खोल आहे. या बेटावर कोडी घालण्याची परंपरा आपण येण्यापूर्वीपासून आहे. क्रिओल लोक तिला 'सिरांदान' म्हणतात; विचारणारा 'सिरांदान' अशी हाक देतो आणि ऐकणारे 'सांपेक' असा प्रतिसाद देतात. शार्ल बेसाक याने १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या लोककथांच्या संग्रहात अशी कोडी आली आहेत. उभे पाणी कोणते, तर ऊस. टांगलेले पाणी कोणते, तर नारळ. ही दोन कोडी येथील पोराटोरांनाही ठाऊक असतात. आपले पूर्वज रत्नागिरीच्या बाजूने मुंबई बंदरातून गलबतात बसले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात सोने नव्हते; पण हुमाणे होती, उखाणे होते. कोठीवर दिवसभर उसाचे काम करून रात्री शेजारच्या क्रिओल माणसाचे पहिले कोडे ज्या कोणा मराठी माणसाला उमगले असेल, त्याला हे बेट त्या क्षणी थोडे कमी परके वाटले असेल. उसाला 'उभे पाणी' म्हणणाऱ्या माणसाला त्या उसासाठी किती घाम गळतो हे माहीत होते, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत होते.

काकांच्या आवडत्या कोड्यांपैकी एक त्यांच्या व्यवसायाला शोभेसे आहे. ते त्यांचे स्वतःचे नव्हे. फ्रेंच पंडित बाशे याने १६१२ साली कोड्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावाने ते ओळखले जाते. एका व्यापाऱ्याजवळ चाळीस किलोंचा दगड होता. तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी रडण्याऐवजी आनंदित झाला, कारण त्या चार तुकड्यांनी त्याला एक किलोपासून चाळीस किलोपर्यंत कोणतेही पूर्ण वजन तराजूत तोलता येऊ लागले. तर प्रत्येक तुकड्याचे वजन किती?

थांब्यावर तीन दिवस वाद चालला. ज्याने त्याने वजने एकाच पारड्यात घातली, आणि हिशेब काही केल्या जुळेना. चौथ्या दिवशी एका मुलीने काकांना गाठून अडखळत सांगितले, "काका, वजन मालाच्या बाजूला पण ठेवायचे!" तेच मर्म होते. तुकडे एक, तीन, नऊ आणि सत्तावीस किलोंचे. दोन किलो तोलायचे असेल तर एकीकडे तीन आणि मालाबरोबर एक. वीस तोलायचे असेल तर एकीकडे सत्तावीस आणि तीन, मालाबरोबर नऊ आणि एक. त्या आठवड्यात माझ्या वर्गात एक विद्यार्थी, जो विभक्तिप्रत्ययांच्या वेळी नियमितपणे जांभया देतो, मला विचारता झाला, "गुरुजी, पारड्याला मराठीत काय म्हणतात?" शब्द त्याच्या तोंडातच होता, फक्त तो मराठी आहे हे त्याला माहीत नव्हते.

एके वर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या आगमनाच्या स्मृतिदिनी, माहितीच्या जागी लिहिले होते: १८३४ साली याच दिवशी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. त्याखाली कोडे होते: "सोळा पायऱ्यांचा जिना. चढायला अर्धे मिनिट. उतरायला चार पिढ्या पुरल्या नाहीत. ओळखा पाहू." त्या दिवशी सुट्टी असूनही थांब्यावर गर्दी होती. वाद झाला नाही. बऱ्याच वेळाने एका वृद्ध बाईंनी हलक्या आवाजात म्हटले, "घाट." आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या आता जागतिक वारसा मानल्या जातात, २००६ साली त्यांना तो मान मिळाला. सुमारे पाच लाख माणसे १८३४ पासून १९२० पर्यंत भारतातून या बेटावर आली. काही परतली, पुष्कळ परतली नाहीत. काकांनी विनोदाची जागा त्या दिवशी कोरी ठेवली होती.

आता जे सांगावयाचे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. काकांनी तेथे जाऊन आपल्या पणजोबांची नोंद मिळविली. प्रत्येक मजुराला एक क्रमांक असे. कागदोपत्री मनुष्य त्या क्रमांकाने ओळखला जाई. तो क्रमांक घरात चौकटीत लावून ठेवता आला असता. काकांनी त्याचे कोडे केले. पहिल्या अंकाची दुप्पट अमुक, शेवटच्या दोहोंची बेरीज तमुक, अशी रचना करून त्यांनी ते फळ्यावर घातले. गल्लीतील पाच-सहा मुलांनी ते सोडविले, आणि आता तो क्रमांक त्यांना पाठ आहे. हा कोणाचा क्रमांक, असे विचारले तर ती सांगतात, काकांच्या पणजोबांचा. ते कोणत्या गावचे, तर रत्नागिरीकडचे. त्यांच्यापैकी दोघांनी तर घरी जाऊन आपल्याही पणजोबांचा क्रमांक मागितला. ज्या आकड्याने एका माणसाचे नाव पुसले, त्याच आकड्याने खेळता खेळता ते नाव परत आणले. मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. इतिहासाचा इतका चांगला पाठ मला कोणत्याही वर्गात आढळलेला नाही.

वाचकहो, आपण मराठी पुष्कळ निष्ठेने जपली, यात संशय नाही. आरती आपल्या मुलांना मुखोद्गत असते, गणेश चतुर्थीला झाकरी घुमते, विवाहात मंगलाष्टके होतात, शाळांतून मराठीचे वर्ग चालतात. परंतु जपता जपता आपण तिला देवघरात नेऊन बसविले आहे. देवघरातील वस्तूला आपण नमस्कार करतो, तिच्याशी भांडत नाही, तिची थट्टा करीत नाही. मूल रागावते क्रिओलमध्ये, हसते क्रिओलमध्ये, अभ्यास करते फ्रेंच आणि इंग्रजीत. मराठीत ते फक्त हात जोडते. क्रिओल आपलीच भाषा आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ज्या भाषेत मुलाला एकही विनोद सांगता येत नाही, ती भाषा त्याच्या मुलांपर्यंत पोचेल याची शाश्वती कोणी द्यावी?

आणि कोडे हे देवघराला वर्ज्य आहे असे तरी कोठे आहे? व्यासांनी महाभारत सांगावयास घेतले तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून लिहू नये. आणि मग मध्ये मध्ये असे कूटश्लोक घातले की बुद्धिदात्यालाही क्षणभर विचार करावा लागला. भास्कराचार्यांनी ११५० साली गणित सांगितले तेही 'लीलावती'त भुंगे, मोर आणि साप यांची कोडी घालून. आपली परंपरा गंभीर आहे हे खरे. ती कधी रुक्ष नव्हती. ज्या दैवताच्या उत्सवासाठी आपण दरवर्षी जमतो, ते कोड्यापुढे थांबून विचार करणारे दैवत आहे.

काकांचे वय झाले आहे. खडू धरताना हात कापतो, अक्षर पूर्वीसारखे सरळ येत नाही. अलीकडे त्यांनी एक नवा नियम केला आहे: शनिवारचा फळा मुलांनी लिहावयाचा. मागल्या शनिवारच्या चार ओळींत सात अशुद्धे होती. काकांनी एकही पुसले नाही. "सोमवारी मी तेच शब्द शुद्ध लिहीन," ते म्हणाले, "ज्याला पाहायचे तो पाहील." विनोद मात्र चांगला जमला होता, आणि तो मुळात मराठीतच सुचलेला होता, खालचे क्रिओल भाषांतर वाचून कोणी हसले नाही.

प्रत्येक गावाला असा फळा लाभेल असे नाही. पण प्रत्येक घरात निवृत्त झालेले कोणीतरी आहे, आणि त्या घरात जेवणाची वेळ तर रोज येतेच. ताटावर बसताना एक कोडे मराठीत घालावयास कोणत्याही संस्थेचे अनुदान लागत नाही. आरंभासाठी काकांनी या स्मरणिकेच्या वाचकांना एक कोडे दिले आहे. त्या व्यापाऱ्याजवळ एक, तीन, नऊ आणि सत्तावीस किलोंची वजने होतीच. आता त्याला पाचवे वजन घ्यावयाचे आहे, असे की एक किलोपासून पुढे एकही पूर्ण वजन न चुकता त्याला अधिकांत अधिक तोलता यावे. ते पाचवे वजन किती किलोंचे, आणि त्याला मग कोठवर तोलता येईल? घरातील सर्वांत लहान मुलाला आधी विचारावे. उत्तर मराठीत द्यावे. व्याकरण चुकले तरी चालेल.