अनेक लेकरांची आई

महाविद्यालयात पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणला की गुलाबांमागे पिसासारखी एक हिरवी, नाजूक डहाळी हमखास खोचलेली असते. फुलवाल्याला विचारले तर तो ‘अ‍ॅस्परॅगस’ म्हणतो. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये याच नावाने बोटासारख्या हिरव्या कोंबांची जुडी मिळते. तिची किंमत वाचून आपण ती पुन्हा जागेवर ठेवतो. या दोघींची एक बहीण आपल्या खानापूरच्या रानात काट्यांसकट उभी आहे. ती म्हणजे शतावरी.

माझ्या परसातली शतावरी माहेरची. माहेर खानापूर तालुक्यातले. 2011 साली आईने डालड्याच्या जुन्या डब्यात लावून ती मला दिली. पुढे आई गेली आणि 2016 मध्ये भावांनी ते घर विकले. त्या परसातले आता माझ्याकडे एवढेच आहे.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम एकदा घरी आल्या होत्या. वेल पाहून म्हणाल्या, “ही हिरवी सुईसारखी दिसतात ती पाने नव्हेत. त्या बारीक फांद्याच आहेत. पानांचे काम त्या करतात. खरी पाने झिजून खवल्याएवढी उरली आणि खोडावर त्यांचे काटे झाले.” मी मराठी शिकवणारी बाई. इतकी वर्षे ज्यांना पाने म्हणत होते त्या फांद्या निघाल्या याची मला मोठी गंमत वाटली. काटे मात्र समजावून सांगावे लागत नाहीत. पदर अडकला की कळतेच.

फुले येतात ती पाऊस सरल्यावर. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास एके सकाळी सबंध वेलावर कोणी रवा भुरभुरावा तसे दिसते. फूल इतके लहान की सहा पाकळ्या मोजायला चष्मा लागतो. आत पुंकेसरही सहाच. एकटे फूल हातात घेतले तर काहीच नाही. पण शेकडो तुरे एकदम उमलले की मंद, गोडसर वास उठतो आणि मधमाश्या सकाळभर हलत नाहीत. अत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा ती देवाला वाहायला खुडली. देवघरापर्यंत पोचेतो निम्मी गळून गेली होती. चार-सहा दिवसांत बहर संपतो. मग वाटाण्याहून लहान हिरवी फळे धरतात, पिकून लालबुंद होतात आणि आत काळे बी निघते.

आमचे घर दोन भाषांचे. माझे माहेर मराठी, सासर बैलहोंगलकडचे कन्नड. मी ‘शतावरी’ म्हटले की अत्ती म्हणतात, “नोडवा, अदु हलवु मक्कळ तायी बेरु.” अनेक लेकरांच्या आईचे मूळ! मराठीने संस्कृतातून शंभराचा आकडा घेतला, कन्नडने मात्र नाते पाहिले. बागेत कुदळ घेऊन उभे राहिल्यावर मला कन्नड नाव जास्त खरे वाटले. त्याची हकीकत अशी.

2024 च्या फेब्रुवारीत नणंदेची मुलगी हुबळीला बाळंत झाली. दूध कमी पडते म्हणून तिचा रडवेला फोन आला. अत्ती लगेच म्हणाल्या, “बेरु काढू या.” बाळंतिणीला शतावरी देण्याची चाल आपल्याकडे दोन्ही भाषांत जुनी, आयुर्वेदातही ती दूध वाढवणारी म्हणूनच सांगितली आहे. मी गप्प राहिले. मूळ काढायचे म्हणजे वेल जाणार. रानात तसेच होते. व्यापाऱ्यासाठी मुळे काढणारे सबंध झाड उपटतात, म्हणून ओळखीच्या जागांवरून ती दिसेनाशी होते. ह्यांनी दुकानातून पुडी आणायचा तोडगा सुचवला. अत्तींनी तो उडवून लावला, “पुडीत काय दळलंय कुणी बघितलंय?” नातीसाठी त्यांचा जीव तुटत होता. माझा आईच्या वेलात अडकला होता. दोन दिवस घरात कोणी त्यावर बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच खुरपे घेऊन वेलाजवळ बसल्या. मला म्हणाल्या, “बेर तगी, तायीन बिडु.” मुळे काढ, आईला सोड. मग त्यांनी दाखवले. खोडापासून हातभर अंतरावर एका बाजूनेच माती उकरायची. खाली मुळांचा घोसच असतो. मधे गड्डा, त्यावर पुढच्या कोंबांचे डोळे, आणि त्याला लगडलेली दोन्ही टोकांना निमुळती, बोटासारखी लांब मुळे. गड्ड्याला धक्का न लावता एका बाजूची मुळे कापून घ्यायची, दुसरी बाजू तशीच ठेवायची आणि शेणखत घालून माती दाबायची. हे त्यांना त्यांच्या आजीने शिकवले होते. मी मोजली. सदतीस मुळे निघाली, नि आई जागेवर होती.

मुळे धुऊन थोडी उकडली की साल सहज सुटते. मधला दोरा ओढून काढायचा, तुकडे वाळवायचे, कुटायचे. साखर, वेलदोडा घालून दुधातून द्यायचे. भाचीने आधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी हरकत घेतली नाही, पण बाळाला वरचेवर पाजले तरच दूध वाढते, हे बजावले. अत्तींना ते फारसे रुचले नाही. पुढे दूध पुरले. ते मुळांनी की पाजण्याने, यावर आमच्या घरी दोन मते आहेत आणि मी त्यात पडत नाही.

शतावरी लावायची असेल तर पिकलेल्या फळांचे बी धुऊन वाळवावे आणि पावसाच्या तोंडावर रात्रभर भिजवून पेरावे. उगवायला काही आठवडे लागतात आणि सगळे उगवत नाही. तेव्हा दहा हवी असतील तर तीस पेरा. जमीन निचऱ्याची हवी. बेळगावच्या तांबड्या मातीत ती खुशाल वाढते. बैलहोंगलच्या काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात, तिथे उंच वाफा करावा. काठीचा किंवा जाळीचा आधार द्यावा. उन्हाळ्यात वेल पिवळी पडून झडू लागली तर घाबरून पाणी ओतत बसू नये, पावसाबरोबर गड्ड्यातून नवे कोंब येतात. मुळांना निदान दोन वर्षे हात लावू नये.

आमच्या वेलाला त्या जूनमध्ये पाच कोंब आले. या कोवळ्या कोंबांची भाजी कोकणात करतात, आईही करायची. अत्तींनी कढई काढली होती, पण यंदा नको म्हटले. त्यांनीही मान हलवली.

त्या दिवाळीच्या बहरानंतरचे बी पेरून तयार केलेले एक रोप हुबळीला गेले. भाचीच्या बाल्कनीत ते दोरी धरून चढते आहे. लेक आता सगळे ओढते, म्हणून कुंडी उंच स्टुलावर ठेवली आहे.