आवाज ओळखीचा, नाव दुसरीचं

सुमन कल्याणपूर यांचा जन्म २८ जानेवारी १९३७ चा, ढाक्यातला. वडील शंकरराव हेमाडी बँकेच्या नोकरीमुळे तिकडे होते. मूळ गाव कुंदापूरजवळचं हेमाडी. १९४३ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. मुलीचा ओढा चित्रकलेकडे होता, म्हणून तिनं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. गाणं आलं ते घरच्या स्नेहातून. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे संगीतकार केशवराव भोळे तिचे पहिले गुरू.

सिनेमातली सुरुवातच कात्रीनं झाली. ‘मंगू’ (१९५४) या हिंदी चित्रपटासाठी महंमद शफी यांनी तिच्याकडून तीन गाणी गाऊन घेतली. मग संगीतकार बदलले, ओ. पी. नय्यर आले, आणि तिन्हींतलं एकच गाणं उरलं: एक अंगाई. त्याच सुमारास एका कार्यक्रमात तलत महमूद यांनी हा आवाज ऐकला आणि एचएमव्ही या तबकडी कंपनीकडे शब्द टाकला. कोवळ्या गायिकेला एवढं पाठबळ पुष्कळ होतं. १९५८ मध्ये लग्न होऊन सुमन हेमाडीची सुमन कल्याणपूर झाली.

अडचण आवाजातच होती, आणि आवाज तर सुंदर होता. पातळ, रेशमी, वरच्या पट्टीत जराही न चिरकणारा. लता मंगेशकरांच्या आवाजाशी त्याचा पोत इतका जवळचा, की भलेभले फसत. ‘बात एक रात की’ (१९६२) मधलं सचिनदेव बर्मन यांचं गाणं आजही कितीतरी जण लताबाईंचंच समजतात. अकोले, राजूर, कोतूळ अशा लहान गावांत त्या काळी गाणं पोचायचं रेडिओवरून. तबकडी पाहायला मिळणं दूरच. निवेदक सांगेल तेच नाव खरं, आणि निवेदनात नाव चुकलं की ते कायमचं चुकलं.

साठच्या दशकात लता आणि मोहम्मद रफी यांच्यात मानधनावरून बिनसलं. तबकड्या विकल्या जातात तोवर गायकालाही वाटा मिळावा, असं लताबाईंचं म्हणणं. पैसे घेतले तिथं गायकाचा हक्क संपला, असं रफींचं. (कॉपीराइट कायद्यानं गायकाचा वाटा मान्य केला तो २०१२ च्या दुरुस्तीत.) दोघं एकत्र गाईनात, तेव्हा रफींसोबतची द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. दोघांची मिळून शंभरावर गाणी झाली; शंकर-जयकिशन यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधलं शम्मी कपूर-मुमताजचं गाणं तर अजून वरातीत वाजतं. पण भांडण मिटलं तशी मागणी ओसरली. निर्मात्यांच्या हिशेबी त्या पर्याय होत्या, आणि मूळ माल हाती आला की पर्यायाला कोण विचारतो? ‘रेशम की डोरी’ (१९७४) मधलं राखीपौर्णिमेचं गाणं दर श्रावणात गल्लोगल्ली लागतं, गायिकेचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं.

मराठीत त्या कुणाचा पर्याय नव्हत्या. हिंदीचा लौकिक मोठा असला तरी त्यांची खरी कमाई इथली. दशरथ पुजारींनी त्यांच्याकडून केशवाचं भजन गाऊन घेतलं; अशोक परांजपे आणि अशोक पत्की यांनी केतकीच्या बनातल्या मोराचं गाणं दिलं. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ (१९७७) मधली अंगाई मधुसूदन कालेलकरांची, चाल एन. दत्तांची. ती नीट ऐकावी. ओळीच्या शेवटी सूर दाबलेला नाही, ताणलेलाही नाही. जेवढा श्वास तेवढाच सूर, आणि पुढची ओळ यायच्या आत तो विरून जातो. मूल झोपलंय की नाही हे पाहत गाणाऱ्या बाईचा हा आवाज आहे. गळ्याची करामत दाखवायला इथं भरपूर जागा होती. ती त्यांनी वापरली नाही, म्हणूनच ही अंगाई घरोघरच्या आया कसलंही शिक्षण नसताना गाऊ शकतात.

पुढं गाणी कमी होत गेली. सुमनताईंनी तक्रारीचा सूर कधी लावला नाही. मुलाखतीही मोजक्याच दिल्या. या अबोलपणानंही नुकसान झालंच, कारण जो मागत नाही त्याला आठवणीनं देण्याची रीत या धंद्यात नाही. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये त्यांचा सन्मान केला, तोही लता मंगेशकर पुरस्कारानं. पद्मभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये, त्या अंगाईनंतर तब्बल ४६ वर्षांनी.