निम्मी टाचणीची, निम्मी गोंड्याची

प्रिमरोझच्या कुळातलं पहिलं फूल मी पाहिलं ते कुल्लूत. कॉलेजात असताना पुण्याहून ट्रेकला गेलो होतो. मे महिना होता, बर्फ नुकताच मागे सरकला होता आणि त्याच्या कडेच्या चिखलातून जांभळ्या फुलांचे गोल झुबके वर आले होते. प्रिम्युला डेंटिक्युलाटा हे नाव पुढे कळलं. आमच्याकडे मे म्हणजे रखरखाट, आणि इथे वितळत्या बर्फाशेजारी फुलांची सुरुवात! ते चित्र मनात पक्कं बसलं.

लग्नानंतर इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेस्टरला आले. घरामागची बाग उत्तरेकडची, त्यात हेझलची जुनी झाडं. उन्हाळाभर तिथे दाट सावली. पण एप्रिल सरेपर्यंत हेझलची पानं लहान असतात आणि तेवढ्या उजेडात प्रिमरोझ आपलं सगळं उरकून घेतं. फिकट पिवळी फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात, डोक्यावर पानं दाटतात तोवर बोंडं धरायला लागलेली असतात. दुकानांत जानेवारीपासून भडक रंगांची रोपं मांडून ठेवतात, ती मला कधी घ्यावीशी वाटली नाहीत. शेजारच्या आजींनी कागदात बांधून मूठभर बोंडं दिली, तिथून माझी लागवड सुरू झाली.

आई आली तो जून होता. तिच्या अंगणात पावसाळ्यात तेरडा फुलायचा, पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की बिया उडायच्या. ती वाफ्याशी बसली आणि म्हणाली, "अगं, हे फुटत नाही होय? मान टाकून बसलंय." खरंच, प्रिमरोझचा देठ फूल गेल्यावर वाकतो आणि बोंड जमिनीला टेकवतो. आतली बी राईएवढी, तपकिरी, चिकट. तिला एक स्निग्ध टोक असतं, त्याच्या लोभानं मुंग्या ती उचलून नेतात, टोक खातात आणि बी टाकून देतात. आईनं बोंड उकललं आणि बिया उन्हात वाळवून राखेत घोळवायच्या का विचारलं. आमच्या घरी बियाणं तसंच ठेवत. इथे मात्र ती ओलसर, ताजी असतानाच पेरलेली बरी. वाळली की आत आखडते, मग एखादा हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय डोळा उघडत नाही. रुजायला उजेडही लागतो, म्हणून वर माती लोटायची नाही. बारीक खडीचा विरळ थर पुरे. आणि पेरणीचा ट्रे थंड जागी हवा, तापमान वीस अंशांच्या वर गेलं की बी हटून बसते. आईनं सगळ्या बिया बोटाच्या टोकानं एकेक करून पसरल्या. त्यांतल्या काही त्याच उन्हाळ्यात आल्या, बाकीच्या हिवाळा संपल्यावर.

ती रोपं फुलली तेव्हा लेक शाळेत होती. दोन फुलं शेजारी धरून म्हणाली, "ही सारखी नाहीत." एकाच्या गळ्यात हिरवी टाचणी दिसत होती, म्हणजे कुक्षी. दुसऱ्यात परागकोशांचा छोटा गोंडा, कुक्षी खाली दडलेली. डार्विननं १८६२ साली यावर निबंध छापला होता. टाचणीवाल्याचा पराग गोंडेवाल्यावर किंवा उलट पडला, की बी भरपूर धरते. एकाच तऱ्हेच्या फुलांत जुळवलं तर फारच कमी. अशा संकरातून येणारी रोपंही साधारण निम्मी-निम्मी.

हेच परागीभवनाचं काम हातानं, फुलामागून फूल, करत राहिलेली फ्लॉरेन्स बेलिस मला फार जवळची वाटते. मंदीच्या काळात अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या ग्रेशमजवळ, एका धान्याच्या कोठारात राहून तिनं बार्नहेवन या नावाचं प्रिमरोझचं बियाणं घडवलं. १९६६ मध्ये तिनं ते इथल्या केंडलजवळच्या सिंक्लेअर दांपत्याकडे पाठवलं, आणि तो वंश आज फ्रान्समध्ये ब्रिटनीत वाढतोय. माझ्या घरापासून केंडल दूर नाही. त्या रस्त्यानं जाताना मला दर वेळी वाटतं, एवढा मोठा वारसा पाकिटांतून समुद्र ओलांडून आला.

आता लेकीनं लीड्सला घर घेतलंय, मागे मोठा ओक आहे. तिच्यासाठी रोपं मी फुलावर असतानाच निवडते, वाकून प्रत्येकाचा गळा बघते. टाचणीची निम्मी, गोंड्याची निम्मी. नुसती एकाच तऱ्हेची गेली तर तिच्याकडे फुलं येतील, पण बी फारशी धरणार नाही.