डॉक्टर सांगतात म्हणून?



भटजी सांगतो म्हणून पूजा करायची नाही, हे आपल्या पोरांना पाठ आहे. मग डॉक्टर सांगतात म्हणून स्टेंट का टाकायचा? हे विचारलं तेव्हा आंजर्ल्याच्या आमच्या बौद्धवाडीत काही जण माझ्यावरच चिडले. "तू काय डॉक्टर हायस?"

माझे चुलते मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गावी आलेले. पाखाडी चढताना छाती आवळायची, दोन मिनिटं टेकले की थांबायची. दोन वर्षं असंच, ना वाढ ना घट. याला स्टेबल अँजायना म्हणतात. एका खासगी इस्पितळात अँजिओग्राफी झाली आणि लगेच निरोप आला: ब्लॉकेज आहे, आजच स्टेंट टाका, नाहीतर कधीही अटॅक. घरात पतपेढीच्या कर्जाची बोलणी सुरू झाली. मी दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो.

हा प्रश्न जगात कधीच तपासला गेला होता. २००७ चा 'करेज' अभ्यास, २,२८७ रुग्ण: नीट औषधं घेणाऱ्यांना वर स्टेंट टाकल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. मग 'इस्केमिया', ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. २०२० साली छापून आलेला निष्कर्ष जवळपास तोच. लंडनच्या डॉ. राशा अल-लामी यांनी तर २०० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांवर स्टेंट टाकल्याचं नुसतं नाटक केलं, अर्थात त्यांची आधी संमती घेऊन. सहा आठवड्यांनी चालण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे २०२३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की दुखण्यावरची औषधं बंद ठेवलेल्यांना स्टेंटने छातीचं दुखणं कमी होतं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. दुखण्यावर चालतो, पण 'नाहीतर मराल' ही भीती त्याच्यासाठी खरी नाही.

इथे गल्लत नको. अटॅक आला असेल, बसल्या जागी दुखत असेल, दुखणं वाढत असेल तर वाचत बसू नका, गाडी काढा. तिथे स्टेंट जीव वाचवतो. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल किंवा हृदय फार कमजोर असेल, तर त्यांना 'इस्केमिया'चा निष्कर्ष लागू नाही.

तात्यांचे कागद मुंबईच्या सरकारी रुग्णालयात दाखवले. मुख्य धमनी मोकळी, पंपिंग चांगलं. ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर, जिभेखालची गोळी, आणि तंबाखू बंद. तंबाखूवरूनच घरात खरं भांडण झालं. आता ते पाखाडी चढतात, एखादवेळी टेकतात.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट २९,६०० वर आला. चांगलं झालं. महात्मा जोतिराव फुले योजनेत प्लास्टीही बसते. रोजच्या गोळ्यांचं काय? योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. त्या अभ्यासांतली 'नीट औषधं' म्हणजे नियमित तपासणी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष, न तुटणारा पुरवठा. आमच्याकडे स्टॅटिन कधी असते, कधी 'पुढच्या आठवड्यात या'. 'गरिबाला गोळ्या पुरेत' असं म्हणून कुणी आमचा स्टेंट काढून घेऊ नये, आणि गोळ्याही देऊ नयेत, असं चालणार नाही.

कालामांना बुद्धाने सांगितलं होतं, गुरू मोठा आहे म्हणून मानू नका. डॉक्टर काही शत्रू नाहीत. तात्यांना बरं करणारेही डॉक्टरच. पण "हा स्टेंट जीव वाचवण्यासाठी की दुखण्यासाठी?" एवढं विचारायला एमबीबीएस लागत नाही.

पुढच्या ग्रामसभेत वाडीतून अर्ज देतोय: या चार औषधांचा बारा महिन्यांचा साठा आरोग्य केंद्रात किती, आणि गेल्या वर्षी तो किती दिवस संपलेला होता.