बेटांचा बेत

आमच्याकडे ‘बेत’ या शब्दाला दोन घरं आहेत. एक स्वयंपाकघर. “आज काय बेत?” असं विचारलं की मासवडी-रस्सा, नाहीतर गेलाबाजार पिठलं-भाकरी असं उत्तर यायला हवं. दुसरं घर ओसरीवरचं, तिथं चार जण बसून कुठंतरी जायचं ठरवतात आणि बहुतेक वेळा जात नाहीत. गेल्या दिवाळीत पुतण्या बर्मिंगहॅमहून आला होता. निघताना पाया पडला आणि म्हणाला, “काका, पुढच्या उन्हाळ्यात काकूला घेऊन या. गाडी काढू आणि रस्ता संपेपर्यंत वर जाऊ.” वर म्हणजे कुठं, तर शेटलंड. बेटं आहेत म्हणे. त्या रात्री बेत आणि बेट हे दोन शब्द डोक्यात एकमेकांना जे बिलगले ते अजून सुटलेले नाहीत.

शेटलंड मला अगदीच अनोळखी नव्हतं. तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्या शाळेच्या नकाशात ब्रिटनच्या उजव्या अंगाला समुद्रात एक लहानशी चौकट होती आणि त्या चौकटीत ही बेटं कोंडलेली होती. कागद पुरत नाही म्हणून उचलून खाली आणलेली. मुलं विचारायची, “गुरुजी, तिथं समुद्राला कुंपण आहे का?” मी हसण्यावारी न्यायचो. पुढं वाचनात आलं की खुद्द तिथल्या लोकांनाच या चौकटीचा राग होता, आणि २०१८ साली स्कॉटलंडनं बेटांसाठी जो कायदा केला त्यात सरकारी नकाशांत शेटलंड आपल्या खऱ्या जागी दाखवावं असं कलमच घातलं. खरी जागा म्हणजे साठ अंश उत्तर अक्षांश. आमचं जुन्नर एकोणीसवर. मधले एक्केचाळीस अंश मी नखानं नकाशावर मोजले. नख दोनदा अडखळलं, एकदा कास्पियनपाशी आणि एकदा हिनं चहाला हाक मारली तेव्हा.

दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर श्री, दुसऱ्यावर रस्ता. बर्मिंगहॅमहून गाडीनं निघायचं ते थेट उत्तरेला, स्कॉटलंडच्या टोकाला थर्सोजवळच्या स्क्रॅबस्टर बंदरापर्यंत, साधारण नऊशे किलोमीटर. तिथं गाडीसकट जहाजात शिरायचं आणि दीड तासात ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉमनेसला उतरायचं. या दीड तासात हॉय बेटाच्या कड्यापासून सुटलेला एक सुळका जहाजातूनच दिसतो, १३७ मीटर उंच, नुसता पाण्यातून उभा. त्याला ते ‘हॉयचा म्हातारा’ म्हणतात. फोटो पाहिला तेव्हा मी हिला हाक मारली, “अगं, ही तर आपली वानरलिंगी!” जीवधन किल्ल्याच्या कड्याला खेटून उभी असलेली वानरलिंगी आम्ही नाणेघाटाच्या पठारावरून जन्मभर पाहत आलो. फरक इतकाच की त्या म्हाताऱ्याचे पाय समुद्रात आहेत आणि आमच्या सुळक्याखाली कोकण. पावसाळ्यात ढग भरले की तोही फरक उरत नाही.

ऑर्कनीतून रात्रीच्या जहाजानं शेटलंडचं लरविक. मी त्या जहाजाला वहीत ‘रातराणी’ लिहिलंय, कारण झोपेत जे पोचवतं त्याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही. लरविकपासून पुन्हा उत्तरेला, मध्ये दोनदा तर: एक वीस मिनिटांची, येल बेटावर, दुसरी दहाच मिनिटांची, अन्स्ट बेटावर. अन्स्टच्या उत्तर टोकाला रस्ता संपतो. पलीकडे खडकावर मकल फ्लगाचं दीपगृह, आणि त्यानंतर माणसाची वस्ती नाही. ते दीपगृह बांधणाऱ्या स्टीव्हन्सन घराण्यातलाच पोरगा पुढं ‘ट्रेझर आयलंड’ लिहून गेला. त्यानं आधी बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. हिला मी हे मुद्दाम ऐकवलं. कारण हिचं म्हणणं, “तुमचा प्रवास वहीतच होणार.”

वही घेऊन मी सगळ्यात आधी गेलो तो आमच्या गल्लीतल्या पिकअपवाल्याकडे. हा नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरतो आणि पहाटेच्या आत कुठल्या कुठं पोचवतो. प्रवासाचं पुस्तक त्यानं एकही वाचलेलं नाही, म्हणून त्याचा सल्ला मी मोलाचा मानतो. त्यानं रस्त्याचं पान उलटसुलट पाहिलं आणि चार प्रश्न विचारले. “घाट किती? डिझेल कुठं? जेवण कुठं? पानी कुठं?” पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्यापाशी होती. घाट आपल्या माळशेजसारखा एकही नाही, पण टोकाकडचे रस्ते एकपदरी. समोरून गाडी आली की ठरावीक ठिकाणी केलेल्या फुगवट्यात आपली गाडी घालायची आणि जाणाऱ्यानं हात करायचा. “म्हंजी आहुप्याच्या रस्त्यावानी,” तो म्हणाला. हो, तसंच, फक्त हात शिवी न देता करायचा. गाडी डाव्या हातानंच चालते आणि आपलं लायसन तिथं पाहुण्याला वर्षभर चालतं, हे ऐकून त्याला फार बरं वाटलं. रात्री ऊसातून बिबट्या आडवा येण्याची भीती नाही, मेंढ्या मात्र रस्त्यातच बसतात, हेही सांगितलं. चौथ्या प्रश्नाला मी हसलो. “अरे, बेटांवर जायचंय. पाण्याला काय तोटा?” तो हसला नाही. “खारं आसतंय ना ते,” म्हणाला. वहीत चौथ्या प्रश्नासमोरची जागा मी तशीच मोकळी सोडली.

व्हिसाच्या कागदांविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेताना ‘पोटखराबा’ या शब्दापाशी भाषांतरकार आणि मी मिळून अर्धा तास बसलो, एवढंच नोंदवतो.

मग इतिहास. हा माझा विषय नव्हे, पण बेत आखताना माणूस सगळ्या विषयांत नाक खुपसतो. ऑर्कनी आणि शेटलंड पूर्वी नॉर्स लोकांची. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं पोरगी स्कॉटलंडच्या राजाला दिली तेव्हा हुंड्याची रोकड जमेना. त्यानं १४६८ साली ऑर्कनी गहाण टाकलं, पुढच्याच वर्षी शेटलंड. पैसे काही आले नाहीत आणि बेटं नवऱ्याकडेच राहिली. हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत बसलो. नाणेघाटाखाली उतरून कल्याण, आणि कल्याणपलीकडे मुंबई. तीही बेटंच, तीही १६६१ च्या करारानं पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्रजांच्या घरी गेलेली. दोन टोकांची दोन बेटं, दोन्ही लग्नात दिलेली. बेटांना कुणी विचारलं नाही. लग्नाच्या याद्यांत गायी आणि भांडी असतात तशी ती असावीत.

याद्यांवरून आठवलं. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा खर्चाचा हिशेबच आहे. कुठला यज्ञ, किती गायी, किती घोडे, किती कार्षापण, सगळं अंकांत कोरलेलं. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. ते गेले, पावलांच्या खुणा राहिल्या, आणि वर नावं मात्र स्वच्छ वाचता येतात. बाहेर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून दाखवतात. बेत मोडला तरी यादी उरते, ही आमच्या तालुक्याची जुनी खोड दिसते.

पण मला खरा धरला तो एका परक्यानं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी आहेत, दोनशेहून जास्त, आणि त्यांत दान दिलेल्यांचे लेख आहेत. तीन लेख यवनांचे. चंद नावाच्या एकानं लेण्याचा दर्शनी भाग दिला. गतांपैकी चिट याने भिक्षूंना जेवायला मंडप दिला. आणि गतांपैकी इरिल याने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. आता हे ‘गत’ कोण? स्टेन कोनो म्हणून नॉर्वेचे एक संस्कृत पंडित होते. त्यांनी १९१२ मध्ये असा तर्क मांडला की हे गत म्हणजे गॉथ, थेट युरोपच्या उत्तरेकडचे. सगळ्यांना तो पटला नाही. मलाही अभ्यासक म्हणून पटवून घेता येत नाही, कारण मी अभ्यासक नाही. पण बेत करणारा माणूस म्हणून मी तो तर्क घट्ट धरून बसलोय. साठ अंशांवरचा कुणी एकजण एकोणीस अंशांवर येऊन पाणी देऊन जातो, तर एकोणीसवरच्यानं साठावर जायला एवढा विचार कसला करायचा?

ऑर्कनीत मेसहाव नावाचं पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. बाराव्या शतकात काही नॉर्स लोक त्यात घुसले आणि भिंतींवर आपली अक्षरं कोरून गेले. तीसेक लेख. त्यांतले बरेचसे ‘हे अमक्यानं कोरलं’ इतकेच. इरिलापेक्षा ते फार वेगळे नाहीत. आणि शिवनेरीच्या वाटेवर बदाम काढून त्यात दोन नावं घालणाऱ्यांपेक्षाही नाहीत, असं म्हटलं तर पुरातत्त्ववाले रागावतील. फक्त इरिलानं नावाबरोबर पाणीही ठेवलं.

वेळ कुठली धरायची यावर घरात मतभेद झाले. पुतण्या म्हणतो जून, कारण तेव्हा लरविकला एकोणीस तास उजेड आणि उरलेल्या रात्रीलाही नीट अंधार नाही. तिथले लोक त्या संधिप्रकाशाला ‘सिमर डिम’ म्हणतात. मी म्हटलं, मृग लागला की मी गाव सोडत नाही. दोन एकरच आहे, पण पेरणीला माणूस बांधावर हवा. मग मे ठरला. पफिन नावाचे रंगीत चोचीचे पक्षी तेव्हा कड्यांवर आलेले असतात. झाडं मात्र नाहीत. शेटलंडवर वाऱ्यानं आणि मेंढ्यांनी झाड म्हणून ठेवलेलं नाही जवळपास. हे ऐकून ही म्हणाली, “म्हणजे बेटावर बेटच नाही?” आमच्या परसात बांबूचं बेट आहे, त्याच्याकडे पाहत. तिनं मग मासवड्या किती दिवस टिकतात याची स्वतःची यादी सुरू केली. माझ्याच वहीत, मागच्या पानापासून पुढं येत. एक दिवस आम्ही मध्यावर भेटू.

एवढ्यात आंबेगावात एका लग्नाला गेलो. घोडेगावहून पुढं डिंभ्याला धरणाच्या काठावर थांबलो. हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या ट्रकपुढं १९३० साली मुंबईत आडवा झालेला बाबू गेनू इथल्याच म्हाळुंगे पडवळचा. या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. सगळ्या तालुक्याला ज्याचं नाव, ते गावच खाली. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि नाव नकाशावर. पाणी चढलं की डोंगरांची टेकाडं सुटी होतात आणि दिवाळीच्या सुमाराला बेटं दिसतात. भात लावणारी, हिरडा वेचणारी डोंगरातली आदिवासी माणसं या धरणामुळं होडीवर आली. आता त्यांची मच्छीमार सहकारी संस्था आहे, पाण्यात जाळीचे पिंजरे टाकून मत्स्यबीज वाढवतात. शेटलंडच्या खाड्यांत सामन माशांचे असेच पिंजरे असल्याचं मी वाचलं होतं. काठावर होडी ओढून घेणाऱ्या एका बाबांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्यांचं बी गाव गेलं का?” मी म्हटलं, नाही, ते पहिल्यापासूनच समुद्रात. “मग बरंय,” म्हणाले, आणि दोर खुंटीला बांधू लागले. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. उत्तरेचं ते सगळं चौकटीत बसवलेलं चित्र मला पहिल्यांदा माझ्या अंगाला लागून दिसलं.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. जहाजाला गाडीची लांबी-उंची आधी कळवावी लागते आणि पुतण्या गाडी बदलायच्या विचारात आहे. चैत्रात एका दुपारी मी पिकअपवाल्याला लेणी दाखवायला नेलं. तीसएक वर्षं तो त्या डोंगराखालून टोमॅटो नेतोय, वर कधी चढला नव्हता. इरिलाच्या पोढ्या नेमक्या कुठल्या ते मला सांगता येईना. एका टाक्यापाशी बसलो. वर ऊन रणरणतंय आणि आत पाणी काळंशार, निवांत. मी त्याला गत, गॉथ, नॉर्वे सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग गुडघ्यावर बसला, ओंजळ भरली, वास घेतला आणि म्हणाला, “गुरुजी, प्यायला नको. पर गाडीला चालंल.”